निकाल एकाचा, सामना दोघांचा

खेळाचे सामने स्थूलमानानें दोन प्रकारचे असतात. एका प्रकारांत कोण जिंकणार हें आरंभींच्या घटकेंतच ठरून जातें आणि उरलेला वेळ केवळ त्या निर्णयाची नक्कल लिहून काढण्यांत जातो. दुसऱ्या प्रकारांत तराजूची दांडी शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही बाजूंस झुकत राहते, आणि अखेरीस ती ज्या बाजूस स्थिर होते त्याच बाजूस कां स्थिर झाली, याचें समाधानकारक उत्तर पाहणाऱ्यासही देतां येत नाहीं. पहिल्या प्रकारच्या सामन्यानें करमणूक होते. दुसऱ्या प्रकारचा सामना मनुष्यास विचार करावयास लावतो. अशाच एका सामन्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस माझ्या मनांत घोळत होतें.

फुटबॉल हा खेळ आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं क्रिकेटइतका परिचयाचा नाहीं, हें मी जाणतों. परंतु ज्याचा जन्म कोल्हापुरांत गेला त्याला या खेळापासून अलिप्त राहतां येत नाहीं. येथें पेठापेठांच्या तालमींनीं कुस्तीबरोबरच फुटबॉलचेही संघ पोसले आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांची गांठ पडली म्हणजे घरोघरीं दुसरा विषय निघत नाहीं. आणि विश्वचषकाच्या दिवसांत, जे देश नकाशावर दाखवितांना मुलांची तारांबळ उडते, त्याच देशांचे ध्वज गल्लोगल्लीं फडकूं लागतात. मी येथील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें. सकाळीं शब्दरूपें आणि संध्याकाळीं मैदानाचा कठडा, असा माझा कित्येक वर्षांचा क्रम होता. तेव्हां या खेळाचा मी जाणकार नसलों तरी रसिक आहें, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

ज्या सामन्याविषयीं मी लिहीत आहें तो ता. १८ डिसेंबर २०२२ रोजीं, रविवारीं, कतार देशांतील लुसेल येथें झाला. विश्वचषकाचा तो अंतिम सामना, प्रेक्षक ८८,९६६, एका बाजूस अर्जेंटिना, दुसऱ्या बाजूस फ्रान्स. अर्जेंटिनाचा नायक लिओनेल मेस्सी तेव्हां ३५ वर्षांचा होता. २०१४ सालीं अंतिम सामन्यांत जर्मनीकडून एका गोलानें हार खाऊन तो चषकाच्या अगदीं जवळून रित्या हातीं परतला होता. फ्रान्सचा किलियन एम्बापे चोविसाव्या वाढदिवसापासून दोन दिवस दूर होता, आणि २०१८ सालचा चषक त्याच्या संघानें जिंकलेलाच होता. तो पुन्हां जिंकला असता, तर १९६२ सालच्या ब्राझीलनंतर चषक राखणारा पहिला देश म्हणून फ्रान्सची नोंद झाली असती. एकाची कदाचित् शेवटची संधि, दुसऱ्याचा ऐन उदयकाल. कवीला कथानक रचावयास सांगितलें असतें तरी त्यानें याहून वेगळी योजना केली नसती.

पहिल्या तासाभरांत मात्र हा सामना पहिल्याच प्रकारांत मोडणार अशीं चिन्हें दिसत होतीं. आन्हेल डी मारिया डाव्या बगलेनें मुसंडी मारीत आंत शिरला असतां त्याला पाडण्यांत आलें, पेनल्टी मिळाली आणि २३ व्या मिनिटाला मेस्सीनें पहिला गोल केला. ३६ व्या मिनिटाला दुसरा. चेंडू मेस्सीकडून अल्वारेझकडे, अल्वारेझकडून मॅक अॅलिस्टरकडे आणि त्याच्याकडून पलीकडून धांवत आलेल्या डी मारियाकडे असा, जणूं पाठ केलेल्या श्लोकाचे चरण एकामागून एक यावे तसा, आला. मध्यंतरापर्यंत फ्रान्सला गोलाच्या रोखानें एकही फटका मारतां आला नाहीं. त्यांचे शिक्षक दिदिए देशां यांनीं तर ४१ व्या मिनिटालाच दोन खेळाडू बाहेर बोलावून दुसरे दोन आंत पाठविले. वर्गांत परीक्षेच्या मध्येंच मुलाची लेखणी बदलून द्यावी, त्यांतला तो प्रकार होता.

आणि मग ८० वें मिनिट उजाडलें. त्या बदललेल्या दोघांपैकींच एक, रांदाल कोलो मुआनी, याला अर्जेंटिनाच्या ओटामेंडीनें पाडलें. पेनल्टीवर एम्बापेनें गोल केला. तो गोल मोजून होतो न होतो तोंच किंग्ज्ली कोमान यानें खुद्द मेस्सीच्या पायांतून चेंडू हिसकावून घेतला, आणि क्षणार्धांत तो चेंडू एम्बापेनें जमिनीवर टेकूं न देतां जाळ्यांत धाडला. दोन गोलांमध्यें अवघ्या ९७ सेकंदांचें अंतर! सुमारें ऐंशीं मिनिटांची कमाई दीड मिनिटांत नाहींशी झाली. पुढें अर्ध्या तासाचा जादा वेळ देण्यांत आला. त्यांत १०८ व्या मिनिटाला मेस्सीनें पुन्हां आघाडी मिळवून दिली आणि ११८ व्या मिनिटाला एम्बापेनें आणखी एका पेनल्टीवर ती पुन्हां पुसून टाकली. अंतिम सामन्यांत एकाच खेळाडूनें तीन गोल करण्याचा पराक्रम १९६६ सालीं इंग्लंडच्या जेफ हर्स्टनें केला होता; त्यानंतर तो एम्बापेचाच.

तरीही त्या दिवसाचा परमोत्कर्ष माझ्या मतें या सहा गोलांपैकीं कोणत्याही गोलांत नव्हता. तो न झालेल्या एका गोलांत होता. जादा वेळही संपून गेलेला, पंचांची शिटी ओठांशीं आलेली, आणि कोलो मुआनीच्या पुढें अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ याच्यावांचून कोणी नाहीं. कोलो मुआनीनें फटका उत्तम मारला. मार्टिनेझनें दोन्ही हात पसरले, पण चेंडू हातांच्या आवांक्याबाहेर खालून चालला होता; तो अडला त्याच्या ताणलेल्या डाव्या पायाला. तेथून चेंडू उलट दिशेला गेला, आणि त्याच दमांत अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझला दुसऱ्या टोकाला डोक्यानें गोल करण्याची संधि मिळाली. त्याचा चेंडू खांबाबाहेरून गेला. एका मिनिटाच्या आंत विश्वचषक दोन वेळां दोघांच्या हातांत आला आणि दोन वेळां निसटला.

आमच्या एकत्र कुटुंबांत त्या रात्रीं दिवाणखान्यांतच दोन राष्ट्रें निर्माण झालीं होतीं. लेकी-सुनांचा बहुतेक पक्ष मेस्सीचा. धाकट्या भावाचा बारा वर्षांचा नातू मात्र एकटा एम्बापेचा. थोरल्या वहिनी जपाची माळ हातीं घेऊन बसल्या होत्या, आणि माळेचे मणी नेहमींपेक्षां बरेच वेगानें सरकत होते. सामना संपला, अर्जेंटिनाचे लोक नाचूं लागले, तेव्हां त्यांनीं चष्मा सारखा करीत विचारलें, "भाऊजी, अहो, तिकडे तीन आणि इकडेही तीन. मग हे जिंकले कसे आणि ते हरले कसे?"

प्रश्न साधा होता. परंतु फुटबॉलच्या शास्त्रकारांना त्यानें शंभर वर्षें छळलें आहे. बरोबरी झालेल्या सामन्यांत विजयी कोण, हें ठरविण्यासाठीं पूर्वीं सामना दुसऱ्या दिवशीं पुन्हां खेळवीत, आणि तेंही शक्य नसेल तर चक्क नाणें उडवीत. १९६८ सालीं युरोपच्या अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरींत इटली आणि सोव्हिएट रशिया यांचा नेपल्स येथील सामना गोलावांचून बरोबरींत सुटला, तेव्हां दोन्ही कप्तानांसमोर नाणें उडविण्यांत आलें, आणि इटली अंतिम फेरींत गेली. दोन तासांच्या घामाचा निवाडा एका नाण्यानें करणें हें कोणालाच रुचण्याजोगें नव्हतें. १९७० सालीं नियम झाला कीं, दोन्ही पक्षांनीं प्रत्येकीं पांच पेनल्टी माराव्या आणि त्यांतही बरोबरी झाल्यास पुढें एकेक मारीत जावें. मध्यंतरीं १९९८ आणि २००२ च्या विश्वचषकांत जादा वेळांत जो प्रथम गोल करील तो तत्काळ विजयी, असाही एक प्रयोग करून पाहण्यांत आला. परंतु गोल करण्याच्या उमेदीपेक्षां गोल होईल या धास्तीनेंच संघ खेळूं लागले, आणि पुढें ती पद्धति सोडून देण्यांत आली.

पेनल्टी ही मूळची शिक्षा. आयर्लंडांतील मिलफर्ड गांवचा विल्यम मॅक्रम नांवाचा गृहस्थ, जो स्वतःच गोलरक्षक होता, त्यानें ही कल्पना सुचविली आणि १८९१ सालीं ती नियमांत आली. गोलाच्या तोंडाशीं जाणूनबुजून आडदांडपणा करणाऱ्यांस जरब बसावी हा तिचा हेतु. चेंडू गोलरेषेपासून १२ यार्डांवर ठेवावयाचा. गोल ८ यार्ड रुंद आणि ८ फूट उंच. आणि फटका बसेपर्यंत गोलरक्षकाचा एक तरी पाय रेषेवर असावयाचा. इतक्या जवळून येणारा चेंडू पाहून मग उडी घेण्यास वेळच उरत नाहीं. म्हणून गोलरक्षकानें बहुधा अदमासानेंच एका बाजूस झेंप घ्यावयाची असते. म्हणजे जो खेळ अकरा जणांच्या संगतीनें खेळावयाचा, त्याचा निवाडा एकेका माणसाच्या एकेका फटक्यावर येऊन ठेपतो. धांवणें नाहीं, साथीदाराकडे चेंडू देणें नाहीं, चूक सुधारण्यास पुढचें मिनिट नाहीं. नाण्यापेक्षां ही पद्धति बरी खरी, कारण तींत कौशल्य आहे आणि धैर्यही आहे. परंतु आधींच्या दोन तासांत जें कौशल्य पणाला लागलें होतें, तें हें नव्हे.

लुसेलला त्या रात्रीं काय झालें पाहा. एम्बापे आणि मेस्सी या दोघांनींही आपापले फटके अचूक मारले. मग कोमानचा फटका मार्टिनेझनें अडविला आणि चुआमेनीचा खांबाबाहेर गेला. ज्या कोमाननें मेस्सीच्या पायांतून चेंडू काढून फ्रान्सला जीवदान दिलें होतें, त्याच्याच माथीं आतां पराभव आला. उलट, ११८ व्या मिनिटाला ज्याच्या हाताला चेंडू लागून फ्रान्सला पेनल्टी मिळाली, तो अर्जेंटिनाचा गोन्झालो मोंतिएल. शेवटचा विजयी फटका मारण्याचा मान त्यालाच मिळाला. निकाल ४ विरुद्ध २. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणजे त्यास आमचे शास्त्री काकतालीय न्याय म्हणत. मोंतिएलचें कौशल्य मी कमी लेखीत नाहीं. परंतु पांच मिनिटांपूर्वीं जर चषक हातचा गेला असता, तर याच मोंतिएलचें नांव एका देशानें दांतओठ खाऊन घेतलें असतें, हेंही विसरतां येत नाहीं.

वहिनींचें समाधान मीं कसेंबसें केलें. परंतु तो बारा वर्षांचा मुलगा कोपऱ्यांत मान खालीं घालून बसला होता. एका पुतण्यानें त्याला डिवचलें, "काय रे, तुझा एम्बापे तर हात हलवीत परत चालला!" तेव्हां तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, मग त्याचे तीन गोल कुठें गेले?"

या प्रश्नाचें उत्तर फुटबॉलच्या नियमांत नाहीं. तें मला आठवलें एका जुन्या नाटकांत. भासाच्या नांवावर असलेलें 'ऊरुभंग' हें लहानसें एकांकी नाटक संस्कृत वाङ्मयांत अनेक कारणांनीं एकाकी आहे. भीम आणि दुर्योधन यांचें गदायुद्ध म्हणजे दोन तुल्यबळांचा सामना. नाटकांत भीम प्रथम कोसळतो. दुर्योधन पडलेल्यावर प्रहार करीत नाहीं. मग कृष्ण आपल्या मांडीवर हात मारून खूण करतो आणि भीम नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा घालतो. लुसेलला कोणीं अधर्म केला असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. मला सांगावयाचें आहे तें पुढचें. आपल्या शिष्याचा असा पाडाव पाहून बलराम संतापतो. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, दुर्योधनाचा सर्वांत मोठा पक्षपाती प्रेक्षक तोच. पण त्याचा क्रोध शांत कोण करतो? खुद्द पराभूत दुर्योधन. आणि बापाच्या मांडीवर बसावयास धांवत आलेल्या लहानग्या दुर्जयाला ती मांडी नाकारावी लागली, तरी पांडवांविषयीं वैर न धरण्याचाच उपदेश तो त्याला करतो. निकाल पांडवांच्या बाजूनें लागलेला आहे, तो बदलण्याचा यत्न नाटककार करीत नाहीं. परंतु रंगभूमीचा मध्य त्यानें जेत्याला न देतां पडलेल्याला दिला आहे. जयपत्र कोणाचें हें सांगण्याचें काम पंचांचें. पडलेल्याची थोरवी ओळखण्याचें काम मात्र सहृदय प्रेक्षकाचें आहे.

हें काम प्रेक्षकांनीं केलें नाहीं म्हणजे काय होतें, याचे दाखले फुटबॉलच्या इतिहासांत पुरेसे आहेत. १६ जुलै १९५० रोजीं रिओ येथील माराकाना मैदानावर ब्राझीलला चषकासाठीं उरुग्वेशीं केवळ बरोबरी पुरेशी होती. ब्राझीलनें आघाडीही घेतली. परंतु उरुग्वेनें एक गोल फेडला आणि ७९ व्या मिनिटाला घिग्जियानें दुसरा केला. १ विरुद्ध २. त्या एका गोलाचा दोष गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याच्या माथीं मारण्यांत आला, आणि २००० सालीं तो मरण पावेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षें, तो त्याच्या कपाळावरून पुसला गेला नाहीं. त्या सामन्यांत ब्राझीलचे आणखी दहा खेळाडू होते. पण लोकांना एकच नांव हवें होतें. फार लांब कशाला, लुसेलच्या सामन्यानंतर कोमान आणि चुआमेनी यांना समाजमाध्यमांवरून त्यांच्या वर्णावरून अभद्र शिव्या देण्यांत आल्या, आणि कोमानच्या बायर्न म्युनिक संघाला त्याचा जाहीर निषेध करावा लागला. देशासाठीं जबाबदारीचा फटका मारावयास जे स्वतः पुढें झाले, त्यांना हें बक्षीस!

शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्या माणसाला येथें परीक्षेची आठवण न झाली तरच नवल. शंभरापैकीं ३५ गुणांचा मुलगा उत्तीर्ण आणि ३४ चा अनुत्तीर्ण. रेषा कोठेंतरी ओढावी लागतेच. ती न ओढल्यास परीक्षाच होणार नाहीं, जसा पेनल्टीवांचून चषक द्यावयाचा कोणाला हें ठरणार नाहीं. परंतु ती रेषा कागदावरची आहे. दोन मुलांच्या अंतरंगांतून कोणी ती ओढलेली नसते. माझ्या वर्गांतील एक बुद्धिमान् विद्यार्थी एका शिष्यवृत्तीस केवळ एका गुणानें मुकला. मुलाचें दुःख आठ दिवसांत ओसरलें असतें. पण घरांतील वडील माणसांनीं तें ओसरूं दिलें नाहीं. पंगतींत, लग्नमुंजींत, पाहुण्यांसमोर, 'याची एका गुणानें गेली' ही त्याची ओळखच होऊन बसली. त्यानें मिळविलेल्या बाकीच्या गुणांविषयीं कोणीं एका शब्दानें विचारलें नाहीं. पुढें त्या मुलानें संस्कृत सोडलें. परीक्षकानें त्याचा एक गुण कापला होता. बाकीचे सगळे घरच्यांनीं कापले.

अटीतटीच्या सामन्यांत जो जिंकतो तो किंचित् जिंकतो, आणि जो हरतो तोही किंचितच हरतो. हा 'किंचित्' शब्द जेत्यानें विसरला तर तो उन्मत्त होतो. हरलेल्यानें विसरला तर तो खचतो. आणि पाहणाऱ्यांनीं विसरला तर ते क्रूर होतात. यांत शेवटचा दोष सर्वांत मोठा, कारण पाहणाऱ्यांच्या पायांना ना श्रम पडलेले असतात, ना त्यांच्या छातींत त्या बारा यार्डांचें भय दाटलेलें असतें. जेत्याचा आनंद कमी लेखावा असें नव्हे. मेस्सीनें चषक उचलला तेव्हां माझेही डोळे पाणावले, आणि त्या जयाची किंमत मला तंतोतंत कळली ती एम्बापेमुळेंच. समोर तसा प्रतिस्पर्धी नसता, तर तीन चतुर्थांश वेळांत संपलेल्या त्या सामन्याची आज कोणीं आठवणही काढली नसती. त्या मुलाला मीं एवढेंच सांगितलें कीं, ते तीन गोल कोठेंही गेले नाहींत. अर्जेंटिनाच्या चषकाला जें वजन आलें आहे, तें त्यांचेंच आहे.

आपल्या घरांत दरसाल निकाल लागतात. परीक्षांचे, नोकऱ्यांचे, निवडींचे. प्रत्येक वेळीं कोणीतरी एका गुणानें, एका क्रमांकानें, एका दिवसानें राहून जातो. त्या दिवशीं पंचाचें काम आधींच होऊन गेलेलें असतें. तें आपण पुन्हां करूं नये. आपल्याकडे उरलेलें काम प्रेक्षकाचें आहे, आणि तें करावयास फार कांहीं लागत नाहीं. राहून गेलेल्या मुलाला जेवणाच्या पाटावर आपल्या शेजारीं बसवावें, आणि त्याचा गेलेला गुण न विचारतां मिळालेले गुण विचारावे.